जहाजाच्या पोटातला सांधा

मलकापूरहून नांदुऱ्यामार्गे खामगावला येताना महामार्गाच्या कडेनं वर्कशॉपं लागतात. त्यांच्या पाट्यांवर ‘गॅस, इलेक्ट्रिक व आर्गन वेल्डिंग’ असं लिहिलेलं असतं. यातलं आर्गन म्हणजे टिग, आणि आमच्या बुलढाणा जिल्ह्यात आर्गनवाल्याकडे जायची वेळ आली म्हणजे अॅल्युमिनियमचं काहीतरी फुटलेलं असतं: ट्रकच्या गिअरबॉक्सचं कवच, इंटरकूलर, डेअरीचा कॅन. बाकी सगळा कारभार लोखंडाचा. ट्रॉल्या, वखरं, पत्र्याची शेडं, गेटं. समुद्र पाचशे किलोमीटर लांब. इथं बसून समुद्रात जाणाऱ्या बोटीच्या सांध्याचं कौतुक करायचं म्हणजे थोडा आगाऊपणाच. पण वेल्डिंगची चटक लागलेला माणूस रेल्वेच्या पुलाखाली उभा राहिला तरी मान वर करून सांधेच बघतो, आणि बोटीच्या कवचाइतका वाचण्याजोगा सांधा मला दुसरा माहीत नाही.

नमुना म्हणून तटरक्षक दलाच्या इंटरसेप्टर बोटी घेऊ. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावरच्या गस्तीकडे देशाचं लक्ष गेलं, आणि पुढच्या काही वर्षांत लार्सन अँड टुब्रोनं दलाला अशा ५४ बोटी बांधून दिल्या. लांबी अठ्ठावीस मीटरच्या आसपास, वेग ४५ नॉट, म्हणजे ताशी ८३ किलोमीटर. कवच अॅल्युमिनियमचं. एवढा वेग लोखंडी कवचात मिळवायचा तर इंजिनं आणि डिझेलच वाहून न्यावं लागेल. लोखंडाची घनता ७.८५, जगभर अशा कवचांसाठी जो मिश्रधातू पहिल्यांदा आठवतो त्या ५०८३ ची २.६६. हा पत्रा लोखंडाच्या एक तृतीयांशच ताठ असतो, त्यामुळे तो जाड घ्यावा लागतो आणि आतल्या पट्ट्या जवळ जवळ लावाव्या लागतात. तरीही कवचाचं वजन निम्म्याच्या आसपास येतं.

आता बोटीच्या आत, अगदी तळाशी उतरा. तळाचा पत्रा आडवा, त्यावर स्टिफनरची पट्टी उभी, आणि दोघांच्या कोपऱ्यात भरलेला तो फिलेट. रंग मळकट चंदेरी. पाठ किंचित फुगीर किंवा सपाट. लाटा बारीक, जवळ जवळ, लक्ष देऊन पाहिल्याशिवाय न दिसणाऱ्या. दोन्ही काठांना दोन-तीन मिलिमीटरची शुभ्र पट्टी, आणि तिच्या पलीकडे कुठं कुठं हलकी काजळी. फोटो काढून कुणाला पाठवावासा वाटेल असं त्यात काही नाही. जे आहे ते सगळं अर्थपूर्ण आहे.

पांढऱ्या पट्टीपासून सुरुवात करू. अॅल्युमिनियम हवेत उघडं राहतच नाही. क्षणात त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर धरतो. धातू ६६० अंशाला वितळतो, हा थर जवळपास २०७० अंशाला. म्हणजे आतला धातू पाण्यासारखा झाला तरी वरची साय तशीच, आणि ती न फोडता दोन कडा एकमेकींत मिसळत नाहीत. नवशिक्याची इथंच फसगत होते: वरून भरलेलं दिसतं, आत दोन पत्रे वेगळेच राहिलेले असतात. ही अडचण आमच्या खामगावला नवी नाही. रजतनगरी म्हणून गावाचं नाव आहे ते चांदीच्या कामामुळे, आणि चांदीचा कारागीर डाख देण्याआधी जोडावर टाकणखार लावतो तो याचसाठी, की तापल्यावर धरणारा ऑक्साइड त्यात विरघळून जावा आणि डाख नीट पळावा. अॅल्युमिनियमच्या सांध्यात टाकणखाराचं काम वीज करते. मिगमध्ये, म्हणजे गनमधून सतत येणारी तार स्वतःच वितळून सांधा भरते त्या पद्धतीत, तार धन टोकाला जोडलेली असते, पत्रा ऋण. या दिशेनं आर्क चालला की पत्र्याच्या पृष्ठभागावरचा ऑक्साइड उडून जातो. टिगमध्ये त्यासाठी एसी वापरतात: अर्धं आवर्तन सफाईला, अर्धं वितळवायला. काठाची शुभ्र पट्टी ही त्या सफाईची खूण. ती सलग आणि दोन्हीकडे सारखी असेल तर गनचा कोन ढळला नाही, आर्गनचं पांघरूण फाटलं नाही. एका बाजूला पट्टी आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, असा सांधा मी तरी मनातल्या मनात नापास करतो.

काजळी मात्र सगळी वाईट नसते. ५०८३ मध्ये चार ते पावणेपाच टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम असतं. भरायची तार बहुधा ५१८३ ची, तिच्यातही तेवढंच. मॅग्नेशियम आर्कमध्ये वाफ होऊन उडतं आणि बाजूला काळं बसतं. कपड्यानं पुसलं तर जातं. पण पूर्ण सांधाच काळाकुट्ट असेल तर वेल्डरनं गन ओढत नेलेली असणार. लोखंडाच्या कामात पुष्कळांना ओढायची सवय असते. अॅल्युमिनियममध्ये गन दहा-पंधरा अंश मागे कलती धरून पुढे ढकलत न्यावी लागते, म्हणजे आर्गन आधी पोचतो आणि आर्क मागून. आयटीआयच्या एक वर्षाच्या वेल्डर ट्रेडमध्ये मुलाचा हात लोखंडावर बसतो. तो पुढे एखाद्या शिपयार्डात गेला की पहिले काही आठवडे त्याचे हात लोखंड विसरण्यात जातात.

विसरायचं आणखी पुष्कळ असतं. लोखंड तापलं की लाल होतं, सांगतं. अॅल्युमिनियम काही सांगत नाही. रंग न बदलता ते अचानक ओलसर चमकतं आणि पुढच्या क्षणी भोक पडतं. उष्णताही पळून जाते. ५०८३ ची उष्णतावहनाची क्षमता साध्या लोखंडाच्या दुपटीहून जास्त, म्हणून सुरुवातीला पत्रा थंड असल्यानं तार नुसती वर बसते, आणि शेवटी सगळा पत्रा तापल्यानं सांधा खाली बसू लागतो. एकाच हातभर लांबीच्या रनमध्ये वेल्डरला वेग वाढवत न्यावा लागतो. वर पाहिलेल्या त्या बारीक, सारख्या अंतराच्या लाटा या वाढत्या वेगातूनही सारख्या राहिलेल्या असतात. मला त्यांच्यात लय दिसते ती यामुळे. हात एकसारख्या वेगानं चालवून ती येत नाही.

आता जे डोळ्याला दिसत नाही त्याकडे. वितळलेलं अॅल्युमिनियम हायड्रोजन पितं, आणि गोठताना त्यातला बराचसा बाहेर टाकतं. गोठण्याच्या क्षणी द्रवाची धारणशक्ती घनाच्या सुमारे वीसपट असते. बाहेर पडायला वेळ मिळाला नाही की आत बुडबुडे अडकतात. हीच पोरोसिटी. एक्स-रेच्या फिल्मवर ती बारीक गोल ठिपक्यांसारखी दिसते. हायड्रोजन येतो ओलाव्यातून, तेलातून, हाताच्या घामातून, तारेवरच्या जुन्या ऑक्साइडनं शोषलेल्या पाण्यातून. म्हणून ऐन वेल्डिंगला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ तयारीला जातो. आधी अॅसिटोननं पुसायचं, मग स्टेनलेस स्टीलच्या ब्रशनं घासायचं, आणि तो ब्रश फक्त अॅल्युमिनियमचा. एकदा लोखंडावर फिरला की बाद. क्रम उलटा करायचा नाही, नाहीतर ब्रश तेल धातूत घासून भरतो. क्लोरीन असलेल्या द्रावकांना तर जवळही येऊ द्यायचं नाही. आर्कच्या किरणांत त्यांच्यापासून फॉस्जिन हा विषारी वायू होऊ शकतो.

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात हे सगळं सांभाळणं म्हणजे परीक्षा. वास्कोचं गोवा शिपयार्ड १९५७ मध्ये पोर्तुगिजांनी सुरू केलं, त्या किनाऱ्यावर जूनपासून हवेला हात लावला तरी ओला होतो. त्या मानानं आमचा मे महिना अॅल्युमिनियमला फार चांगला. हवा कोरडी ठणठणीत. पण त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत चामड्याचा एप्रन घालून बसलेला माणूस काय करतो? शेजारी कूलर लावतो. वाळ्याच्या ताट्यांतून येणारा तो ओला झोत एकाच वेळी आर्गन उडवतो आणि पाणी आणतो. महामार्गावरच्या एखाद्या आर्गनवाल्यानं उन्हाळ्यात केलेला जोड हिवाळ्यातल्यापेक्षा कच्चा निघाला तर दोष तारेत शोधू नका.

तारेवरून आठवलं. गिअरबॉक्सचं ओतीव कवच जोडायला आर्गनवाला जी ४०४३ ची तार वापरतो, तिच्यात पाच टक्के सिलिकॉन असतं. ओतीव भागाला ती छान. ५०८३ च्या पत्र्यावर तीच तार वापरली तर सिलिकॉन आणि मॅग्नेशियम मिळून ठिसूळ संयुग होतं. सांधा वरून गुळगुळीत, देखणा, ५१८३ पेक्षाही सहज वाहिलेला दिसतो आणि लाटेच्या माऱ्यात तडकतो. देखणेपणाविषयी माझा जो संशय आहे त्याची सुरुवात इथून आहे.

या सांध्याचा खरा आशय त्याच्या कमजोरीत आहे. लोखंडात वेल्डरचं ब्रीद असं की सांधा पत्र्यापेक्षा मजबूत हवा, आणि बहुतेक वेळा तो असतोही. ५०८३ मध्ये ते अशक्य आहे. या पत्र्याचं बरंचसं बळ थंड लाटणीतून आलेलं असतं. रोलरखाली दाबून दाबून तो कणखर होतो. आर्कची आच लागली की ते बळ निघून जातं. जहाजासाठीच्या एच११६ अवस्थेतला पत्रा किमान २१५ मेगापास्कलपर्यंत कायमचा वाकत नाही. वेल्डशेजारची पट्टी १२५ च्या आसपास वाकायला लागते. स्टिफनरसाठीच्या ६०६१-टी६ च्या पट्ट्या उष्णताप्रक्रियेनं कणखर केलेल्या, त्यांचे हाल याहून वाईट: तुटण्याचं बळ ३१० वरून १६५ वर. वेल्डर कितीही तयारीचा असो, सांध्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे पंचवीस मिलिमीटरपर्यंत धातू मऊ होणारच.

मग जहाज बांधणारा काय करतो? तो कमजोरी मान्य करतो आणि तिची जागा ठरवतो. गणित मुळात वेल्डच्या आकड्यानंच करतो, पत्र्याच्या नाही. बट सांधे, म्हणजे कडेला कड लावून केलेले, जिथं वाक कमी तिथं सरकवतो. तळाला जिथं लाट आपटते तिथं फिलेट दोन्ही बाजूंनी सलग. पट्टीचं टोक आलं की सांधा तिथं न थांबवता टोकाला वळसा घालून पलीकडे नेलेला. सुरुवात आणि शेवट कोपऱ्यात येऊ नयेत अशी आखणी. ६०००च्या मालिकेतल्या पट्ट्या कुठं आणि ५०८३ चा पत्रा कुठं, याची वाटणीही याच हिशेबानं. म्हणून एखाद्या बोटीतला एकच सांधा पाहून त्याचं कौतुक करणं अपुरं. तो तिथंच का आहे, हे कळलं की रस सुरू होतो. मुंबईत पवईला कचेरी असलेल्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगसारख्या वर्गीकरण संस्था कागदावर हेच तपासतात. वेल्डरच्या परीक्षेतही याचा मजेदार पुरावा मिळतो: जोडलेली पट्टी वाकवून पाहताना ती सांध्यावर न वाकता शेजारच्या मऊ भागात एकदम मोडल्यासारखी दुमडते, म्हणून तिला साच्याभोवती गुंडाळत न्यावं लागतं.

आच कमी हा सगळ्यावरचा उपाय, आणि म्हणून वेग. म्हणून मिग. इथं माझं मत स्पष्ट सांगतो. आजकाल मोबाइलवर अॅल्युमिनियमच्या सांध्यांचे जे फोटो फिरतात, नाणी कलती रचल्यासारख्या ठळक चकाकत्या लाटांचे, ते टिगचे असतात. हात सुंदर असतो यात शंका नाही. सायकलच्या फ्रेमला, पाइपाला, टाकीला ते योग्यच. पण अठ्ठावीस मीटर बोटीच्या तळाला शेकडो मीटर फिलेट त्या गतीनं भरला तर पत्रा इतका तापेल की बळ तर जाईलच, शिवाय पत्रा ओढला जाईल. अॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या दुप्पट पसरतं आणि तेवढंच आखडतं. त्यामुळे पट्ट्यांच्या मधला पत्रा आत बसतो, आणि तिरप्या उन्हात बोटीच्या बरगड्या दिसू लागतात. पल्स मिगचा मळकट, बारीक लाटांचा, मधून बाहेरच्या दिशेनं तुकड्या-तुकड्यांनी भरत नेलेला फिलेट जहाजासाठी जास्त देखणा आहे. ठळक लाटेची प्रत्येक खाच म्हणजे थकव्याच्या भेगेला पाय रोवायला जागा, हेही लक्षात ठेवावं.

हे सगळं यायला वेळ लागला. आल्फ्रेड नोबेलसाठी स्वित्झर्लंडच्या एशर विसनं १८९२ च्या सुमारास ‘मिन्यॉं’ नावाची अॅल्युमिनियमची बोट बांधली तेव्हा असले सांधे नव्हतेच. १९५२ मध्ये ‘युनायटेड स्टेट्स’ या प्रवासी जहाजावर सुमारे दोन हजार टन अॅल्युमिनियम चढलं, ते बहुतांश रिवेटांनी. टिग दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं, मिग १९४८ चं. १९९१ मध्ये केंब्रिजजवळच्या टीडब्ल्यूआय संस्थेनं धातू न वितळवता फिरत्या दांड्यानं मळून जोडायची फ्रिक्शन स्टर पद्धत काढली. तिच्यात पोरोसिटी नाही, काजळी नाही, पत्रा फारसा ओढला जात नाही. लांब सरळ पॅनेलसाठी ती उत्तम, आणि तांत्रिकदृष्ट्या माझ्या लाडक्या फिलेटपेक्षा वरचढ. पण ते काम यंत्राचं. हाताचा दोष नाही आणि हाताची खूणही नाही, तेव्हा रसिकानं मुकाट बाजूला व्हावं.

अॅल्युमिनियमच्या जहाजांवरच्या आक्षेपांतला एक चुकीचा आहे, एक खरा. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटनचं ‘शेफिल्ड’ हे जहाज जळालं ते अॅल्युमिनियममुळे, असं अजून सांगितलं जातं. शेफिल्ड पोलादाचं होतं. आगीची भीती खोटी नाही, १९७५ मध्ये अमेरिकेच्या ‘बेलनॅप’वरचा अॅल्युमिनियमचा वरचा भाग टक्करीनंतरच्या आगीत वितळला होता, पण उदाहरण तरी बरोबर द्यावं. खरा आक्षेप हळू चालणारा आहे. मॅग्नेशियम तीन टक्क्यांच्या वर गेलं आणि धातू दीर्घ काळ पासष्ट अंशांच्या वर राहिला, की मॅग्नेशियम कणांच्या सीमांवर येऊन साचतं. मग खारं पाणी त्या सीमा खात आत शिरतं. वरून पत्रा नवाच दिसतो. अमेरिकेच्या टिकॉन्डेरोगा वर्गाच्या क्रूझरांवर उन्हात तापणाऱ्या ५४५६ च्या भागांना अशाच भेगा गेल्या. या शतकाच्या सुरुवातीला ५०८३ च्या काही पत्र्यांतही हा दोष कारखान्यातूनच आलेला सापडला, आणि २००३ मध्ये समुद्री पत्र्यासाठी एएसटीएम बी९२८ हे स्वतंत्र मानक आलं. तेव्हापासून चांगला पत्रा कोणता हे नुसत्या ५०८३ या आकड्यावरून ठरत नाही, अवस्थेवरून आणि चाचणीच्या कागदावरून ठरतं. वेल्डरच्या बाजूनं याचा अर्थ एवढाच: टॉर्चनं पत्रा मनसोक्त तापवून घ्यायची सवय इथं आणायची नाही, आणि दोन रनमध्ये पत्रा निवू द्यायचा.

समुद्राला पुरून उरणारा हा धातू आमच्या जिल्ह्यात मात्र एका ठिकाणी हरेल. ज्या ऑक्साइडशी वेल्डर भांडतो तोच पुढे समुद्रात बोटीला राखतो, कारण समुद्राचा सामू ८.१ च्या आसपास असतो आणि तिथवर तो थर टिकतो. नऊच्या पुढे तो विरघळायला लागतो. लोणार सरोवराचं पाणी दहाच्या आसपास. ते खारंही आहे आणि सोड्याचंही. अॅल्युमिनियमचं भांडं धुण्याच्या सोड्यात घालून ठेवल्यावर काय होतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. सरोवर अभयारण्यात आहे, म्हणून प्रश्न पुस्तकीच. पण अरबी समुद्रात वर्षानुवर्षं न रंगवता चालणारं कवच लोणारात मात्र राखता येणार नाही.

कधी रत्नागिरीला किंवा वास्कोला अशी बोट जवळून बघायला मिळाली, तर तुम्हाला एक विनंती आहे. सांध्याची मधली लांबी सगळ्यांचीच बरी असते, तिच्यावर वेळ घालवू नका. जिथं रन संपलाय तिथं बघा. आर्क तोडताना शेवटी खळगा राहतो आणि अॅल्युमिनियम आखडताना भेग तिथंच पडते, चांदणीच्या आकाराची, केसाएवढी. चांगला वेल्डर शेवटी थोडा मागे येऊन खळगा भरतो, मगच ट्रिगर सोडतो. तो भरलेला दिसला तर त्या यार्डाचं काम चांगलं आहे असं समजायला हरकत नाही.